परत भांड्यात

आमचे घरमालक आप्पा दर रविवारी सकाळी बंदुकीच्या गोळ्या ओततात. त्यांच्या घरात बंदूक नाही.

ही हकीकत मी पहिल्यांदा माझ्या पत्नीला फोनवर सांगितली, तेव्हा तिने "खोली बदल" एवढाच अभिप्राय दिला. वाचकांचाही तसाच ग्रह होऊ नये म्हणून खुलासा करतो. आप्पांची बंदूक आहे. ठासणीची आहे, वडिलांकडून त्यांच्याकडे आलेली आहे, आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी तिला रीतसर परवाना आहे. निवडणूक आली की परवानाधारकांनी आपापली हत्यारे पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. त्याप्रमाणे आप्पांनीही एका निवडणुकीच्या वेळी ती गोधडीत गुंडाळली आणि पौडच्या एसटीत बसले. कंडक्टरने विचारले, "आप्पा, गोधडीत काय बांधलंय?" आप्पा म्हणाले, "बंदूक हाय." कंडक्टर हसला, सगळी गाडी हसली, आणि बंदूक सुखरूप पौडला पोचली.

निवडणूक झाली. सगळ्यांनी आपापल्या बंदुका परत आणल्या. आप्पांची अजून तिथेच आहे.

"आणायची हाय की," ते म्हणतात. "पर सवड कुटं हाय?"

सवड नाही, कारण गोळ्या ओतायच्या असतात.

इथे भरे गावात आप्पांचे शेत होते. त्याचे तुकडे एकेक करून विकले गेले, आणि जिथे भात डोलत असे तिथे आता रो-हाऊसच्या कमानी उभ्या आहेत. घरामागे एकच खाचर उरले आहे. रानडुकरांनी या परिसराचा नाद केव्हाच सोडला असावा. कारण आलीच तरी कमानीवरचा रखवालदार वहीत सही केल्याशिवाय त्यांना आत सोडणार नाही. हे मी आप्पांना एकदा सौम्य शब्दांत सुचवून पाहिले. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिले. "डुक्कर काय सांगून येतंया व्हय, साहेब?"

आप्पांनी आयुष्यात डुकरावर एकदाच बार काढला. तो भोपळ्याला लागला. भोपळा शेजाऱ्याचा होता. डुक्कर निघून गेले, दोन्ही घरांनी भोपळ्याची भाजी खाल्ली, आणि आप्पांनी भोपळ्याच्या गरात हात घालून ती चपटी झालेली गोळी हुडकून काढली. शेजारी म्हणाला, "आता तिचं काय करणार?" त्यावर आप्पा जे बोलले ते त्यांच्या साऱ्या जीवनाचे सूत्र आहे: "परत भांड्यात!"

मी पिरंगुटच्या बाजूच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. तयार झालेला माल मोजायचा, बरोबर असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर बाद करायचा, यात माझी पन्नाशी उलटली. पत्नीची नोकरी पुण्यात, म्हणून ती तिथे राहते. दर शनिवारी मी घरी जायचे असे आमचे ठरले होते. त्या 'दर'चे हळूहळू 'कधीतरी' झाले. दोष कोणाचा, याची तपासणी मी अधूनमधून करतो. निकाल मला ठाऊक असतो, म्हणून अहवाल लिहीत नाही.

तर अशा एका रिकाम्या रविवारी, मी आप्पांच्या मागच्या खोलीत नवा भाडेकरू असताना, दारावर थाप पडली. "साहेब, रिकामे हायसा का? जरा साचा धराया माणूस पायजे."

मागच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटली होती. वर बिडाची जुनी कढई. कढईत शिसे वितळत होते. साचा म्हणजे सांडशीसारखे दोन दांड्यांचे लोखंडी हत्यार. तोंडाशी दोन वाट्या, मिटल्या की आत सुपारीएवढी पोकळी. दांड्यांवर हिरव्या लुगड्याच्या काठाची पट्टी घट्ट शिवून बसवलेली होती. ती जागोजागी करपली होती. पुढे मी कारखान्यातून चांगल्या रबरी मुठी आणून दिल्या, तेव्हा आप्पांनी त्या निरखून पाहिल्या, "ब्येस हायेत" म्हणाले, आणि नेऊन सायकलला बसवल्या.

मला त्यांनी एका बसक्या दगडाकडे बोट दाखवून बसवले. "हितं न्हाई, तितं बसा. वाऱ्याच्या वरच्या अंगाला. धूर लागायचा न्हाई." आणि स्वतः धुराच्या तोंडाशी बसले.

तो रविवार गेला, त्यानंतरचेही गेले. आप्पांकडून मी एक शास्त्र शिकलो, ज्याचे नियम त्यांनीच केले होते आणि तेच मोडत होते. "ओतताना बोलायचं न्हाई," असे बजावून ते ओतताना अखंड बोलत. "पाण्याचा थेंबसुदिक जवळ नगं, शिसं उडतंय," असे म्हणत आणि कपाळावरचा घाम निपटत. मी त्यांना नाकावर बांधायला एक मास्क आणून दिला. तो त्यांनी माझ्यासमोर बांधला, आणि मग बोलता येईना म्हणून हनुवटीखाली ओढला. तेव्हापासून तो तिथेच असतो.

शिसे येते रस्त्यावरून. शनिवार-रविवारी पुण्याच्या मोटारी धरण पाहायला निघतात. त्यांच्या चाकांना तोल साधण्यासाठी शिशाचे छोटे तुकडे ठोकलेले असतात. खड्ड्यात चाक आदळले की ते सुटून कडेला पडतात. सोमवारी पहाटे आप्पा हातात पिशवी घेऊन, मान खाली घालून, रस्त्याच्या कडेने चालत जातात. नवखे लोक थांबून विचारतात, "आजोबा, काही हरवलंय का?" आप्पा म्हणतात, "माजं न्हाई. तुमचं."

सापडलेला प्रत्येक तुकडा ते फरशीवर टाकून ऐकतात. हल्ली त्यांत जस्तही येते, आणि जस्त कढईत गेले तर सगळा घाणा नासतो. जस्त खणकन वाजते. शिसे वाजत नाही, बद्दकन पडते आणि पडल्या जागी राहते.

"जस्त लई बडबडं," आप्पांनी मला समजावले. "शिसं गप असतंय. तुमच्यावानी."

कढईतले शिसे वितळले की वर करडी, मळकट साय धरते. आप्पा तिला सायच म्हणतात. साय दिसली की त्यांचा चेहरा बदलतो. "शिसं उपाशी हाय," असे म्हणून ते कमरेच्या बटव्यातून मेणाचा खडा काढतात आणि कढईत टाकतात. मेण चरचरते, पांढरा धूर उठतो, आप्पा त्याला काडी लावतात. भडका उडतो. त्या भडक्यातच ते लाकडी दांडक्याने ढवळू लागतात आणि कढईशी बोलू लागतात: "या, खाली या. वर काय करताय? आपली माणसं खाली हायेत." हळूहळू त्या सायीतले शिसे सुटून खाली मिसळते, वर नुसती भुकटी उरते, आणि मधोमध आरशासारखे लखलखीत रूप दिसू लागते. त्यात आप्पांचा चेहरा दिसतो, मास्क हनुवटीखाली.

वर उरलेली भुकटीही ते टाकत नाहीत. ती दुधाच्या पावडरच्या एका डब्यात साठते. डबा भरला की ती पुन्हा कढईत जाते, तिला दुप्पट मेण आणि कोळशाची पूड मिळते, आणि बराच वेळ ढवळल्यावर तळाशी ज्वारीच्या दाण्यांएवढे शिशाचे थेंब जमतात. तो दिवस आप्पांचा सण. त्या दिवशी चहात वेलदोडा असतो. "तुमी शिकल्याली माणसं साय बगून म्हणता, ही घाण. आवं, त्येच्यात पण हाय की आपलं कोणतरी."

एकदा एक चांगला भाडेकरू या नात्याने मी अंगण झाडले आणि तो डबा राख समजून घंटागाडीत रिकामा केला. गाडी वळणापर्यंत गेली असेल, तेवढ्यात आप्पा घरातून बाहेर आले, त्यांनी रिकामा डबा पाहिला, आणि धोतराचा सोगा हातात धरून ते धावत सुटले. घंटागाडी आपले स्वच्छतेचे गाणे मोठ्याने वाजवीत पुढे, मागे आप्पा, त्यांच्या मागे मी.

"थांबीव रं! माजी साय गेली! साय!"

गाडीवाला थांबला. "आप्पा, साय कशाला टाकली गाडीत? मांजराला घालायची की."

त्याने सगळा कचरा रस्त्यावर उपसला. आप्पांनी कांद्याच्या सालींमधून, अंड्यांच्या टरफलांतून ती भुकटी ओंजळीने भरून घेतली. रो-हाऊसमधल्या एक बाई गॅलरीतून ते दृश्य मोबाईलवर टिपत होत्या. मी मान खाली घालून उभा होतो. आप्पा मला एक शब्दही लागट बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून डब्यावर खडूने एक फुली दिसू लागली, आणि केरसुणी त्यांच्या खोलीत राहू लागली.

त्यांचा मुलगा इथून जवळच्या चांदे गावात फ्लॅटमध्ये राहतो. हिंजवडीत कामाला आहे, मनाने चांगला आहे. त्याने त्यांना आग्रहाने नेलेही. आप्पा तिथून लवकरच परत आले. सुनेने त्यांना काही कमी केले नव्हते. त्यांनी मात्र तिच्या गॅसवर, तिच्या कढईत शिसे तापवून पाहिले, मेण टाकले, आणि त्या धुराने छताला लावलेली इशाऱ्याची शिट्टी वाजू लागली. अकरा मजल्यांची माणसे पोराबाळांसह खाली मैदानात उतरली. "लई माणसं भेटली तवा," आप्पा आजही कौतुकाने सांगतात. "एरवी एकबी दार उगडत न्हाई तितं."

आता गोळ्यांकडे वळतो. साच्यात शिसे ओतले की क्षणभर थांबायचे, मग दांडे उघडायचे. चकचकीत गोळी डोक्यावर शेंडी घेऊन बाहेर पडते. शेंडी कापायची, ती परत भांड्यात. गोळी जरा निवली की आप्पा ती चिमटीत धरून उन्हाकडे फिरवतात. साचा गार असला तर गोळीच्या अंगावर बारीक सुरकुती येते, तशी गोळी बाद. सुरुवातीच्या काही गोळ्या बाद होणे मला पटत असे. पण साचा तापल्यावरही आप्पांचा हात आखडेना. दहांतल्या नऊ गोळ्यांवर त्यांना काहीतरी दिसे.

"हिला सुरकुती हाय. परत भांड्यात!"

"मला दिसत नाही, आप्पा."

"तुमी चष्म्यातनं बगताय."

दिवसाकाठी एखादीच गोळी त्यांच्या परीक्षेस उतरे. ती पत्र्याच्या डबीत पडे. आणि उन्हे चढली की आप्पा कढईतले उरलेले शिसे तसेच थिजू देत आणि म्हणत, "ऱ्हायलं की अजून. फुडच्या रविवारी बगू."

इथे माझ्या धंद्याने माझा घात केला. बाद मालाचे इतके प्रमाण मी कारखान्यात कधी सहन केले नसते. मला वाटले, बिचाऱ्यांची दृष्टी गेली आहे. उगाच कष्ट घेतात, धूर खातात. गोळ्या चांगल्या आहेत हे यांना कोणी तरी सिद्ध करून दाखवले पाहिजे. एका शनिवारी मी खात्यातले जाडी मोजायचे व्हर्नियर घरी आणले. रविवारी आप्पांनी बाद केलेली प्रत्येक गोळी कढईत पडण्याआधीच मी उचलून बाजूला ठेवीत गेलो, आणि शेवटी ओळीने मांडून त्यांच्यासमोर मोजली. भिंगाखाली फिरवूनही दाखवली.

"पाहा, आप्पा. एकसुद्धा बाद नाही. सगळ्या एका मापाच्या, अंगावर रेघ नाही. तुम्ही उगाच शंका घेता."

माझ्या आवाजात समाधान होते. आज आठवले की तेच टोचते.

आप्पांनी गोळ्यांकडे पाहिले. मग व्हर्नियरकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. ओतताना कधी न पाळलेला न बोलण्याचा नियम त्यांनी त्या दिवशी, चूल विझत असताना पाळला.

"म्हंजे काम झालं म्हणायचं," ते शेवटी म्हणाले. सगळ्या गोळ्या त्यांनी डबीत भरल्या. डबी भरली. साच्याला तेल लावून तो अंगणाच्या भिंतीवरच्या खुंटीला अडकवला. "लई उपकार झाले, साहेब. तुमचाबी रविवार मोकळा झाला."

पुढच्या रविवारी मागून धूर आला नाही. मी खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलो. ते वाचून झाले, मग त्यातल्या जाहिराती वाचून झाल्या. खिडकीतून आप्पा दिसत होते. ओट्यावर बसले होते, हात मांडीवर, मास्क हनुवटीखाली. दारावर थाप पडेल म्हणून मी कान देऊन होतो. ती पडली नाही, आणि पडावी असे काही कारणही मी शिल्लक ठेवले नव्हते. जाऊन नुसते शेजारी बसावे, असे मनात येऊन गेले. पण नुसते जाऊन बसण्याची कला मला कधीच साधलेली नाही. मला हातात काहीतरी काम लागते. हे पुण्यातही माझ्याबद्दल बोलले गेले आहे.

त्या आठवड्यात सखूबाई आली. ही डोंगराच्या अंगाच्या ठाकरवाडीतली. मधाची पोळी उतरली की त्यांचे मेण ती आप्पांना आणून देते. त्या दिवशी आप्पांनी तिला "आता मेण नगं बाय, काम सपलं" म्हणून परत पाठवले. ती तशीच माझ्या दाराशी येऊन उभी राहिली.

"काय वं दादा, आप्पाला काय झालं? मेण नगं म्हणतोय."

मी तिला सांगितले: गोळ्या पूर्ण झाल्या, सगळ्या चांगल्या निघाल्या, मी स्वतः मोजल्या.

सखूबाईने कमरेवर हात ठेवला. "चांगल्याच निगायच्या की. आप्पाची कारभारीण, आमची मावशी, व्हती तवा वरसातनं एकदा ओतायचं. भात पोटरीला आलं की एक सकाळ. ती साचा धरायची, ह्यो वतायचा. समद्या गोळ्या चांगल्या निगायच्या. एकबी टाकली न्हाई कवा." तिने खुंटीवरच्या साच्याकडे हनुवटी उडवली. "त्यो काठ बी तिच्याच लुगड्याचा. तिला धूर सोसायचा न्हाई, म्हणून त्यो दगड तितं वाऱ्याला ठिवला ह्येनं. ती गेली, आन् मग ह्येच्या गोळ्यांस्नी सुरकुत्या याया लागल्या."

"मग तू त्यांना कधी बोलली नाहीस?"

"मी कशाला बोलू? मला डोळे हायेत की." ती निघाली, पुन्हा वळली. "तुमाला लई शिकीवलंय वाटतं?"

मी तिच्याकडचे सगळे मेण ठेवून घेतले.

त्या रात्री पत्नीला फोन केला. नेहमी मी कामाचे बोलतो. त्या दिवशी काही काम नव्हते. तिने विचारले, "काही विशेष?" मी म्हणालो, "नाही, नुसताच केला." मग ती म्हणाली, "बरं केलंस." आणि आम्ही थोडा वेळ तसेच फोन धरून राहिलो.

रविवारी सकाळी मी मागच्या अंगणात गेलो. आप्पा ओट्यावर होते. मी "बसू का?" असे विचारले नाही. खिडकीच्या कोनाड्यातली पत्र्याची डबी खाली घेतली, तिच्यातली एक गोळी काढली, चिमटीत धरली आणि उन्हाकडे फिरवली. गोळी निर्दोष होती. इतका नितळ माल आमच्या खात्यातून क्वचितच जातो.

"आप्पा," मी म्हणालो, "हिला सुरकुती आहे."

ते उठले. गोळी त्यांनी माझ्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग माझ्याकडे पाहिले. मी चष्मा काढून खिशात ठेवला होता.

"तुमचं त्ये यंत्र काय म्हणतंय?"

"ते परत देऊन आलो. त्याला सुरकुत्या दिसत नाहीत."

"न्हाई दिसत," आप्पा सावकाश म्हणाले. "यंत्राला न्हाई दिसायच्या." त्यांनी डबीतली दुसरी गोळी उचलली. "हिलाबी हाय बगा. बारीक हाय, पर हाय."

"हिलाही," मी तिसरी पुढे केली.

"आरारारा," आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पुष्कळ दिवसांनी उत्साह आला. "समदा घाणाच नासला की वं! आता?"

"परत भांड्यात," मी म्हणालो.

डबी कढईत पालथी झाली. बद्दबद्द आवाज झाले. आप्पांनी चूल पेटवली, आणि साय धरायला लागल्यावर कमरेचा बटवा चाचपला. तो रिकामा होता. त्यांचा चेहरा उतरण्याआधीच मी खिशातून सखूबाईचे मेण काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी ते हुंगले. कुठून आले हे त्यांना कळले असणार. विचारले नाही.

मेण चरचरले. भडका उठला. "या, खाली या," आप्पा ढवळत कढईला सांगू लागले.

मी खुंटीवरचा साचा काढला आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाच्या दगडाकडे गेलो. इतके दिवस त्या दगडावर निवांत बसलो होतो. त्या दिवशी बसताना थबकलो.

"बसा की," आप्पा कढईतून नजर न काढता म्हणाले. "रिकामाच हाय त्यो."

मी बसलो. करपलेला हिरवा काठ दोन्ही मुठींत घट्ट धरला. आप्पा पळी भरून समोर आले.

"आता हलू नगा," ते म्हणाले.

मी हललो नाही.